ग्राफिक्स कार्ड बदललं, तरी विमान अडखळतच होतं

आरटीएक्स ४०७० बसवलं त्याच रात्री मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर सुरू केला. मोठ्या विमानतळावर उतरायचं, खाली दाट वस्तीचं शहर, वर थोडे ढग. धावपट्टी समोर आली आणि चित्र पूर्वीसारखेच झटके देऊ लागलं. जुन्या जीटीएक्स १०६० वर याच ठिकाणी, याच सेटिंगला सेकंदाला २८-३० फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळायचे. आता ३२ मिळत होते. वर्षभर पैसे बाजूला टाकून घेतलेलं कार्ड, आणि फरक एवढासा.

या सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये फ्रेम मोजणारी एक लहान चौकट उघडता येते. ती किती फ्रेम मिळताहेत ते दाखवतेच, पण कशामुळे अडलंय तेही सांगते. माझ्या चौकटीत लिहिलं होतं, 'लिमिटेड बाय मेनथ्रेड'. म्हणजे प्रोसेसरच्या मुख्य थ्रेडचं, एकापाठोपाठ एक चालणाऱ्या कामांच्या मुख्य साखळीचं, काम उरकत नाहीये आणि ग्राफिक्स कार्ड त्याची वाट बघत बसलंय. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर कार्डाचा वापर ४५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता.

प्रोसेसर होता आय५-७४००. २०१७ चा, चार कोअर (हिशेब करणारे भाग), चारच थ्रेड, कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्झ. खात्री करून घ्यायला मी रिझोल्यूशन १४४० पी वरून १०८० पी वर आणलं. कार्डाला रंगवायचे पिक्सेल ३७ लाखांवरून २१ लाखांवर आले. फ्रेम जागचे हलले नाहीत. हा प्रयोग प्रत्येकाने काहीही विकत घेण्याआधी करावा असं मला मनापासून वाटतं. रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम वाढले तर कार्ड कमी पडतंय. नाही वाढले तर प्रोसेसर किंवा रॅम. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते कार्ड घेतल्यानंतर केलं, आणि त्याचं मला बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

आहे त्याच मदरबोर्डवर काही जमतंय का ते आधी पाहिलं. त्यात जास्तीत जास्त आय७-७७०० मालिकेचा प्रोसेसर बसला असता. चारच कोअर, फक्त थ्रेड आठ. पुढच्या, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची बसायची जागा, तीही एलजीए ११५१ च आहे हे वाचून क्षणभर आशा वाटली होती. पण नाव तेच असलं तरी जुन्या बोर्डांना तो प्रोसेसर चालत नाही. सॉकेटचं नाव जुळलं म्हणजे काम झालं असं समजू नका, बोर्डाच्या कंपनीच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, ती बघा. शिवाय सातव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. या बोर्डावर आणखी खर्च करण्यात अर्थ नव्हता.

"मामा, कोअर वाढव," भाचा म्हणाला. "सोळा कोअरचा घे एकदाच. परत बघायला नको."

त्याचं म्हणणं मी दोन दिवस खरं धरून चाललो होतो. चार कमी पडताहेत, तर सोळा घ्यावेत, हा हिशेब सरळ वाटतो. पण चौकटीतला शब्द 'मेनथ्रेड' होता. हा खेळ प्रत्येक फ्रेमसाठी विमानाची गती, हवा, आजूबाजूची विमानं, यंत्रांचे काटे असं बरंच काही एकापाठोपाठ एक सोडवतो. पुढची पायरी आधीच्या उत्तरावर उभी असते, म्हणून ती दुसऱ्या कोअरकडे सोपवता येत नाही. सोळा कोअर दिले असते तर बरेचसे नुसते बसून राहिले असते. व्हिडिओ एन्कोडिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याला सोळा कोअर पुरेपूर वसूल होतात. त्याचं काम तुकड्यांत वाटता येतं. माझं येत नव्हतं. मला हवा होता तो एकेका कोअरचा झपाटा, आणि त्या कोअरला लागणारी माहिती वेळेवर पोचवणारी व्यवस्था.

ही दुसरी गोष्ट मला आधी ठाऊकच नव्हती. मी प्रोसेसर निवडायचा तो गिगाहर्ट्झ बघून. वाचत गेलो तसं कॅश मेमरीचं महत्त्व उलगडत गेलं. प्रोसेसरला लागणारी माहिती दोन ठिकाणी मिळू शकते, त्याच्या पोटातल्या कॅशमध्ये किंवा बाहेर रॅममध्ये. कॅश म्हणजे टेबलावर उघडी ठेवलेली वही, रॅम म्हणजे माळ्यावरची ट्रंक. वहीत सापडलं तर लगेच, नाही तर शिडी लावा, चढा, शोधा, उतरा. तेवढा वेळ कोअर कितीही तल्लख असला तरी हात बांधून उभा. सिम्युलेटरसारखे खेळ हजारो लहानसहान गोष्टींचा हिशेब ठेवतात आणि त्या सगळ्या मिळून लहान कॅशमध्ये मावत नाहीत. त्यामुळे सतत माळ्यावर खेपा.

एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला तो नेमका यावर उपाय म्हणून. प्रोसेसरच्या चिपवर ६४ एमबी कॅशचा आणखी एक थर रचला आणि एल३, म्हणजे तिसऱ्या पातळीची, कॅश ३२ वरून ९६ एमबी झाली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच पद्धतीचा ७८००एक्स३डी आला, आठ कोअरचा. त्याचा कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ. बिनथराच्या ७७००एक्सचा ५.४. कागदावर पाहिलं तर वर थर असलेला हळू. खेळात मात्र तो पुढे जातो, आणि फ्लाइट सिम्युलेटर हे त्याचं ठळक उदाहरण. गिगाहर्ट्झ बघून निवड करायची माझी सवय तिथे मोडली.

तरी मी लगेच तो घेतला नाही. तीन आठवडे चाचण्यांचे तक्ते वाचत होतो. एक गोष्ट आधी खटकायची. प्रोसेसरच्या चाचण्या करणारे लोक सर्वांत महागडं ग्राफिक्स कार्ड लावून १०८० पी वर, कधी त्याहून कमी रिझोल्यूशनवर का मोजतात? असं खेळतं कोण? नंतर कळलं की ते मुद्दाम कार्डाचा अडथळा काढून टाकतात, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची मर्यादा उघडी पडते. त्या तक्त्यात प्रोसेसर १२० फ्रेम देत असेल, तर तुमचं कार्ड कितीही भारी असो, त्या खेळात तेवढ्याच गुंतागुंतीच्या ठिकाणी १२० च्या फार वर जाता येणार नाही. कार्डाची मर्यादा वेगळ्या तक्त्यात बघायची. दोन्हींतला लहान आकडा तो आपला.

आणि सरासरीपेक्षा '१ टक्का लो', म्हणजे सर्वांत हळू आलेल्या एक टक्का फ्रेमांचा वेग, हा रकाना बघायचा. ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. पण एका सेकंदात बहुतेक फ्रेम १२ मिलिसेकंदांत येऊन दोन-तीन फ्रेम ८० घेत असतील, तर सरासरी छान दिसते आणि डोळ्यांना झटका बसतो. धावपट्टीला चाकं टेकायच्या क्षणी मला जे बोचत होतं ते हेच.

रायझन ५ ७६०० च्या बाबतीत मी सर्वांत जास्त घुटमळलो. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, डब्यात कूलरही येतो. मला कोणी विचारलं तर बहुतेकांना मी हाच सांगेन आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालायला लावीन. पण माझ्याकडे कार्ड आधीच होतं आणि माझा नव्वद टक्के वेळ एकाच खेळात जातो, तोही कॅशला भुकेला. इंटेलच्या आय५-१३६००के चाही विचार झाला. चौदा कोअर, त्यांतले सहा दमदार आणि आठ काटकसरी, किरकोळ कामांना उत्तम. पण त्याचं एलजीए १७०० सॉकेट चौदाव्या पिढीपाशी संपलं. या रायझनच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देऊ असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. एकदा बोर्डामुळे अडकलेल्या माणसाला ही गोष्ट लहान वाटत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ९८००एक्स३डी हा ७८००एक्स३डीहून सरस आहे यात शंका नाही. त्यात कॅशचा थर कोअरांच्या खाली घातलाय, त्यामुळे कोअरांची उष्णता थेट वर कूलरकडे जाते आणि वेगही वाढवता आला. पण १४४० पी वर माझं ४०७० त्याच्या आधीच दमलं असतं. जे दिसणार नाही त्यासाठी पैसे का मोजायचे? ७८००एक्स३डी ठरला.

मग मदरबोर्ड. इथे मी हात आखडता घेतला आणि तो निर्णय मला अजूनही पटतो. एक्स६७०ई चिपसेटच्या महागड्या बोर्डाऐवजी बी६५० चा. महागड्या बोर्डात ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेस ५.० ही वेगवान जोडणी मिळते, माझं कार्ड ४.० चं. ७८००एक्स३डी खेळताना वीजही बेताची घेतो, त्यासाठी भारीतली व्हीआरएम, म्हणजे बोर्डावरून प्रोसेसरला वीज पुरवणारी यंत्रणा, लागत नाही. मी बोर्ड निवडला तो मागचे यूएसबी पोर्ट मोजून. जॉयस्टिक, थ्रॉटल, पायातले रडर पेडल, हेडसेट, कीबोर्ड, माऊस. सहा तर इथेच गेले. सिम्युलेटर खेळणाऱ्याने हे मोजल्याशिवाय बोर्ड घेऊ नये, हब लावल्यावर पेडल मध्येच तुटल्याचा ताप मी भोगलाय. दुसरी अट बायोस फ्लॅशबॅकची. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना चालणारं बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर. बी६५० बोर्ड ७८००एक्स३डीच्या आधी बाजारात आले, त्यामुळे डब्यातल्या बोर्डात जुनं बायोस असू शकतं आणि मग नवा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं. अद्ययावत बायोस असण्याला आणखी एक कारण होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये या मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या आणि त्यानंतर प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टवर रोखणारी बायोस निघाली. आपल्या बोर्डात ती असल्याची खात्री न करता मी बटण दाबणार नव्हतो.

रॅम घेताना दिव्यांच्या चार पट्ट्या ओळीने चमकताना बघून मन गेलं होतं. ८ जीबीच्या चार घ्याव्यात असं वाटलं. मग प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत वाचलं, दोन पट्ट्यांना डीडीआर५-५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० चा आधार. मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो म्हणून. १६ जीबीच्या दोन घेतल्या, ६००० वेगाच्या, सीएल३०. सीएल म्हणजे माहिती मागितल्यापासून रॅमला लागणारे ठोके, पण तो आकडा एकटा बघून उपयोग नाही, वेगाशी ताडून बघायचा. ६००० ला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० लाच सीएल४० म्हणजे १३.३. एवढी मोठी कॅश असलेल्या प्रोसेसरला रॅमच्या वेगाने तसा कमी फरक पडतो, पण दोन्ही संचांच्या किमतीत फारसं अंतर नव्हतं, म्हणून चांगला घेतला.

पॉवर सप्लायमध्ये तडजोड नाही. प्रोसेसर आणि २०० वॉटचं कार्ड धरून सगळं मिळून ३५० वॉटच्या आत बसत होतं, ६५० वॉट पुरला असता. पुढच्या कार्डासाठी ७५० घेतला. ८० प्लस गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भाराला निदान ९० टक्के कार्यक्षमता. तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे, आतल्या संरक्षणाचा नाही, म्हणून उघडून तपासणी केलेले अहवाल वाचून मॉडेल निवडलं. एसएसडी आणि केसमध्ये फार वेळ घालवला नाही. पुढून जाळी असलेली केस, कूलरची उंची आणि कार्डाची लांबी आत मावते एवढं पाहिलं. एनव्हीएमई एसएसडीने खेळ लवकर उघडतो, फ्रेम वाढत नाहीत.

जुळणीच्या दिवशी भाचा सकाळीच आला. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक. प्रोसेसर त्रिकोणाची खूण जुळवून अलगद ठेवायचा, ढकलायचा नाही. मग खटका दाबताना एवढा जोर लागतो आणि असा करकर आवाज येतो की माझे हात थांबले.

"मामा, दाब. तो आवाज येतोच."

दाबला. वरचं काळं प्लॅस्टिक टपकन उडून बाजूला पडलं. ते तसंच निघायचं असतं.

एक चूक होता होता राहिली, ती सांगायलाच हवी. जुन्या पॉवर सप्लायची ड्राइव्हला वीज देणारी साटा केबल लांब होती, ती नव्यात खोचायला मी हात पुढे केला होता. टोक बसतही होतं. पण मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींच्या, सप्लायच्या बाजूला पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळा असतो. चुकीच्या पिनेला १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह संपला. भाच्याने मनगट धरलं. जुन्या केबली तेव्हाच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्या.

बायोस आधी फ्लॅश केलं, मग बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा लागून राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी बंद केलं, पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, परत सुरू. तेच. पुन्हा बंद. छातीत धडधडत होतं. बोर्डाची पुस्तिका तेव्हा नीट वाचली. डीडीआर५ च्या पहिल्या सुरुवातीला बोर्ड रॅमची चाचपणी करतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. मी दर वेळी ते मध्येच तोडत होतो आणि ते पहिल्यापासून सुरू होत होतं. तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि दोघंही खोलीबाहेर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा पडद्यावर बायोस आलं होतं.

रॅम ४८०० वर चालत होती. ६००० हवं असेल तर बायोसमध्ये एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारी सेटिंग, स्वतः चालू करावं लागतं, आपोआप होत नाही. ते केल्यावर पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा काळा पडदा, पण आता आम्ही शांत होतो. विंडोजमध्ये मॉनिटरचा दर ६० हर्ट्झवरच होता, तो १४४ केला. हेही आपोआप होत नाही, आणि कित्येकांचे १४४ चे मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वर चालत असतील.

मग तोच विमानतळ, तेच ढग, संध्याकाळची तीच वेळ. चौकट उघडी ठेवली होती. उतरताना आकडा सत्तरच्या आसपास राहिला, शहरावरून वळण घेताना ६० च्या खाली एकदाच गेला. कार्डाचा वापर ९७ टक्के. आणि त्या ओळीत आता लिहिलं होतं, 'लिमिटेड बाय जीपीयू'. म्हणजे आता मर्यादा ग्राफिक्स कार्डाची. धावपट्टीचे दिवे एकामागून एक सलग मागे सरकत गेले, चाकं टेकली, मी ब्रेक लावले. कुठेही झटका नाही. मी लगेच पुन्हा उड्डाण घेतलं.

भाच्याने खुर्ची ओढली. त्याच्याकडे रायझन ५ २६०० आहे, बी४५० बोर्डावर, आणि तो काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. नवीन बोर्ड, नवीन रॅम असा सगळा संच घ्यायची त्याची तयारी चालली होती. मी त्याच्या बोर्डाच्या प्रोसेसरांची यादी उघडली. २०१८ चा बोर्ड, आणि यादीत २०२४ चा ५७००एक्स३डी होता. आठ कोअर, ९६ एमबी कॅश, तीच डीडीआर४ रॅम चालणार. बायोस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलून घ्यायला हवं. आणि त्याच्या एएम४ सॉकेटच्या पद्धतीत पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे कूलर सरळ वर ओढला तर मधल्या उष्णता वाहणाऱ्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो. थोडा वेळ खेळून तो गरम करायचा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा, मग उचलायचा.

"म्हणजे एवढंच?" तो म्हणाला.

"आधी तुझं रिझोल्यूशन उतरवून बघ," मी म्हटलं. "फ्रेम वाढतात का ते सांग, मग ठरवू."